दीड मिलिमीटरचा जोड

केडगाव, नगर
१४ ऑक्टोबर २०२५

चि. रविराज यास,

दादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तिकडे कोइमतूरला तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. दिवाळी आठवड्यावर आली आहे. तुझ्या वहिनीने काल अनारशाचे तांदूळ भिजत घातले.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. पत्ता आपल्या थोरल्या साळूआक्काने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी जामखेडला तिच्या ओसरीवर दोन तास बसून राहिलो, तेव्हा कुठे तिने दिला. फोन नंबरही देत होती, मीच नको म्हणालो. तू फोन उचलून 'हॅलो' म्हणाला असतास आणि पुढे माझ्या तोंडून शब्द निघाला नसता. कागदावर खाडाखोड तरी करता येते.

मी जूनमध्ये रिटायर झालो. पॅटर्न शॉप बंद होऊन आठ वर्षं झाली, त्यानंतर मी स्टोअरमध्येच होतो. नटबोल्ट द्यायचे, सही घ्यायची. निरोपाच्या दिवशी शाल दिली आणि माझी हत्यारांची पेटी घरी न्यायची परवानगी दिली. पेटी पलंगाखाली गेली. जुलै, ऑगस्ट मी काय केलं ते मला आठवत नाही. टीव्ही बघितला असेल.

सप्टेंबरात आपल्या जामखेडच्या शाळेतून फोन आला. आरती मॅडम म्हणून नव्या मुख्याध्यापिका आहेत. म्हणाल्या, "दादा, तुम्ही कंपनीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाची पॅटर्नं करायचात ना? इथे एक वस्तू आलीय. त्यातलंच काहीतरी दिसतंय. एकदा येऊन बघाल का?"

वस्तू म्हणजे अंतराळयान. शाळेचा एक जुना विद्यार्थी परदेशात असतो, त्याने नव्या विज्ञान दालनासाठी पाठवलंय. साडेचार फूट लांब, रेझिनमध्ये ओतलेलं, पण सगळं सुटं. एकशे बारा तुकडे. कुठल्या सिनेमातलं नाही. तिकडच्या एका हौशी माणसाने स्वतःच्या डोक्याने यान रचलं, घरच्या घरी रबराचे साचे केले, ओतलं आणि विकलं. जोडायचं कसं, त्याचा एकच कागद, त्यावर सहा फोटो. खोकं दोन वर्षं कपाटावर पडून होतं. मध्ये एका सरांनी फेविक्विक आणून सुरुवात केली, इंधनाच्या दोन टाक्या एकमेकींना उलट्या चिकटवल्या आणि नाद सोडला.

मी खोकं उघडलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. बिस्किटाच्या रंगाचे तुकडे, हाताला तेलकट. आणि प्रत्येकावर पार्टिंग लाईन होती, रवी. साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथे ओतकामावर उरते ती बारीक कड. ओतायच्या तोंडाशी जाड बुडखे तसेच राहिलेले. हवेचे बुडबुडे अडकून पडलेली भोकं. आमच्या फाउंड्रीतून निघालेला कच्चा माल असाच दिसायचा, फक्त तो लोखंडाचा. तीस वर्षं मी साच्याच्या अलीकडे काम केलं. पलीकडे काय येतं ते घरी नेऊन साफ करायची वेळ पहिल्यांदाच आली.

मॅडमना मी हो म्हणालो. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिनी दालन सुरू करायचंय.

खोकं एसटीने नगरला आणलं. जागा मिळाली तरी मांडीवरच धरून बसलो. तुझ्या वहिनीने बाहेरच्या खोलीतली शिवणमशीन आत नेली आणि मला खिडकीजवळचं टेबल दिलं.

आता कामाचं. यानाचा कणा अडीच फुटांचा एकच तुकडा आहे, बोटाएवढा जाड, आणि तो केळासारखा वाकलाय. बाकी सगळं त्याच्यावर बसतं. लाकूड असतं तर वाफ दिली असती. या मालाची मला माहिती नाही. जोर केला तर काडकन मोडेल अशी भीती वाटते. तुझ्या कामात रेझिन येतं, असं आक्का म्हणाली. सरळ कसा करायचा तेवढं दोन ओळीत कळव.

बाकी जुनं काही उकरत नाही. कंपनीत जे झालं ते झालं, त्यात कुणाचं काही चाललं नाही.

घरच्यांना आशीर्वाद.

गोरक्षनाथ


केडगाव, नगर
२१ डिसेंबर २०२५

चि. रविराज यास,

दादाचे आशीर्वाद. इकडे थंडी चांगली पडली आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे धरले आहेत, पण तक्रार करायला तिला सवड नाही. का ते खाली लिहितो.

तुझं उत्तर दिवाळीनंतर आलं. चार ओळी, वर नाव नाही, खाली नाव नाही. 'रेझिन गरम पाण्यात मऊ होतं. उकळतं नको, चटका बसेल इतपत हवं. सपाट जागेवर गार होईपर्यंत दाबून धरा. घासताना मास्क लावा, पाणी लावून घासा, कोरडी धूळ छातीत जाते.' मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. धरा, लावा, घासा. घरात तू मला कधी अहो-जाहो केलं नव्हतंस. पण मास्क लावा असंही तूच लिहिलंस, म्हणून तो कागद मी टेबलासमोर भिंतीला चिकटवला आहे.

अडीच फुटांचा कणा बुडेल असं पातेलं घरात नव्हतं. पत्र्याची पन्हळ आणली, दोन्ही टोकं बंद करून घेतली. अंगणात विटांवर ठेवली. वहिनी आतून गरम पाण्याचे हंडे आणत होती, मी कोपराने पाण्याचा अंदाज घेत होतो. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला कणा हातात शेवग्याच्या शेंगेसारखा लवला. तसाच उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर नेला, ग्रॅनाइट तेवढंच सपाट आहे आपल्याकडे, आणि दोन्ही बाजूंनी विटा लावल्या.

वहिनी म्हणाली, "आवो, म्या भाकरी कुठं थापू? का आज इमानच खायचं?"

म्हणालो, "अर्धा तास दे."

अर्ध्या तासाने विटा काढल्या. स्टीलची पट्टी लावून बघितली. उजेड कुठूनही फाकला नाही. सुतासारखा सरळ. मी तिला हाक मारून दाखवला. तिने कणा डोळ्यासमोर धरून लांबवर बघितलं, मी पूर्वी रंधा मारलेली फळी बघायचो तसं, आणि म्हणाली, "जमलं की." रवी, आठ वर्षांत मला कुणी हे म्हणालं नव्हतं.

त्या दिवसापासून ती कामात ओढली गेली. सगळे तुकडे आधी साबणाने धुवावे लागले, नाहीतर साच्यातल्या तेलकटपणावर रंग धरत नाही. एकशे बारा तुकडे तिने जुन्या टूथब्रशने घासून धुतले आणि पाटीत सुकायला मांडले. शेजारच्या बाईने विचारलं, "कुरडया घातल्या का?" सरांनी उलट्या चिकटवलेल्या टाक्याही तिनेच सोडवल्या. नखांना लावायचा रंग काढायचं औषध थेंबथेंब सोडत बसली, दोन दिवस.

मी बुडखे कापतो. सोनाराची बारीक करवत आणली आहे. मग प्रत्येक कड आधी पातळ पटाशीने खरवडायची, मग पाण्याचा पॉलिश पेपर, आधी जाडा, मग बारीक. बुडबुड्यांच्या भोकांत गाडीवाले वापरतात ती पुट्टी. वरून करड्या प्रायमरचा पातळ हात मारला की जे डोळ्याला दिसत नव्हतं ते सगळं वर येतं. एक टाकी तर मी तीनदा पहिल्यापासून घासली. यानाच्या मागे आठ नळकांडी आहेत, ज्यातून जाळ निघतो ती. प्रत्येकाच्या आत एक कड लपलेली. तिथे बोट जात नाही, म्हणून पेन्सिलीला पेपर गुंडाळून घासल्या. मास्क लावतो. पाणी लावतो.

नोव्हेंबरच्या शेवटी माझी बोटं परत आली. कसं सांगू. सुरुवातीला पटाशी धरली की अंगठा थरथरायचा. मला वाटलं वय झालं. वय नव्हतं झालं, काम नव्हतं. आता डोळे मिटून कड शोधतो.

कणा, टाक्या, नळकांडी, शिड्या, सगळं झालं. पितळेच्या तारा आत घालून टाक्या कण्यावर बसवल्या. हातात धरून हलवलं तरी कुठे हलत नाही. राहिलाय पुढचा भाग, जिथे माणसं बसतात तो. दोन फुटांचा, आत पोकळ, उभा चिरलेल्या भोपळ्यासारखे दोन अर्धे. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा दोन्ही एकत्र धरून बघितले. डावा अर्धा ओतताना आकसलाय. जोडावर पायरी पडते. कॅलिपर लावला. दीड मिलिमीटर.

सोपा उपाय असा की उजवा, मोठा अर्धा घासून बारीक करायचा. ऐंशी नंबरचा जाडा पेपर घेतला तर वीस मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही. मी पेपर घेतला, ठोकळ्याला गुंडाळला, उजव्या अर्ध्यावर ठेवला.

आणि ठेवून दिला. ते दोन अर्धे फडक्यात बांधून कपाटात ठेवलेत. पाच दिवस झाले, मी टेबलाकडे गेलो नाही. वहिनी विचारते, "काय झालं?" मी सांगतो, पुट्टी वाळायची आहे.

तुझ्या वेळचा तो पंपाच्या हाउसिंगचा, बाहेरच्या कवचाचा माल. चाळीस नग रिजेक्ट झाले ते. त्याबद्दल मला तुला काहीतरी लिहायचं आहे. आज नाही. आज इथेच थांबतो.

तुझ्या पोरांनी दादाकाकांचं नाव तरी ऐकलंय का? ऐकलं असेल तर आशीर्वाद सांग.

गोरक्षनाथ


केडगाव, नगर
३ मार्च २०२६

चि. रविराज यास,

दादाचे आशीर्वाद.

यान वर चढलं. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

अठ्ठावीस तारखेला सकाळी शाळेच्या नव्या दालनात छताच्या लोखंडी तुळईला स्टीलच्या दोन तारांनी टांगलं. नाक थोडं वर, जणू आत्ताच निघालंय. रंग मी ऊन खाल्लेल्या चुन्यासारखा पांढरा दिला. टाक्या करड्या, नळकांडी आतून काळी आणि काठाला भाजल्यासारखी तांबूस. नाव मुलांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं, 'विंचरणा'. आपल्या जामखेडच्या नदीचं नाव. आठ महिने जिच्या कोरड्या पात्रातून आपण चपला घालून जायचो, ती आता आभाळात निघाली आहे. बाजूला नंबर रंगवलाय ४१३२०१. तो जामखेडचा पिनकोड. ती मुलींची कल्पना. म्हणाल्या, कुठे हरवलं तर पोस्टमन आणून देईल.

पाहुणे अकराला यायचे होते. साडेबारा झाले तरी गाडी आली नव्हती. पडद्यामागे काहीतरी मोठं आहे हे पोरांना कळलं होतं. कुणी ओढला ते मॅडमनी अजून शोधलेलं नाही आणि शोधणारही नाहीत. पडदा खाली आला आणि तीनशे माना एकदम वर झाल्या. मग मागून एक पोरगी म्हणाली, "आपल्या शाळेचंय?" आणि मग जो गोंगाट उठला तो पाहुणे आल्यावरही थांबला नाही.

दाराशी एक पाटी आहे. मॅडमनी विचारलं, तुमच्या नावाखाली काय लिहू, निवृत्त कर्मचारी लिहू का. मी म्हणालो, पॅटर्न मेकर लिहा. त्यांनी लिहिलं. पाटीखाली उभा राहून मी फोटो काढून घेतला, वहिनीलाही ओढून उभं केलं. तिने टूथब्रश आणला असता तर तोही फोटोत आला असता. साळूआक्का पहिल्या रांगेत बसली होती. यानाकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "लई मोठं काम केलं रे नाथा. पर ते धाकलं हितं पायजे हुतं."

कार्यक्रम संपल्यावर औटी साहेब पुढे आले. हो, आपले वर्क्स मॅनेजर औटी साहेब. चौऱ्याहत्तरचे झालेत, हातात काठी. यान मी मुद्दाम हात पोचेल एवढ्या उंचीवर टांगलंय. तुला आठवत असेल, साहेब पॅटर्न कधी नुसत्या डोळ्याने पास करायचे नाहीत. अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडलं की पॅटर्न परत. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि यानाच्या नाकापासून नख फिरवायला सुरुवात केली. वरून एकदा, खालून एकदा, मग आडवं.

शेवटी म्हणाले, "गोरक्षनाथ, हे दोन तुकड्यांत होतं म्हणालास. जोड कुठे आहे?"

म्हणालो, "तुमच्या नखाखालून दोनदा गेला साहेब."

ते हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

साहेब नगरहून जामखेडला कसे आले, असं तू विचारशील. त्यासाठी मला मागे जावं लागेल. मागच्या पत्रात जिथे थांबलो तिथे.

रवी, २०१४ साली आपल्या कंपनीत इंजिनिअर असताना तू पंपाच्या हाउसिंगचं पॅटर्न लाकडाऐवजी थ्री-डी प्रिंटिंगच्या मशीनवर छापून घ्यायचं ठरवलंस. साहेबांना पटवलंस. ते छापलेलं पॅटर्न पुण्याहून शनिवारी आलं आणि माझ्या बाकावर ठेवलं गेलं, वरून हलका पेपर मारून फाउंड्रीला द्यायला. पिवळं, हलकं, गुळगुळीत. मला जे करायला तीन आठवडे लागले असते ते दोन दिवसांत झालेलं. जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये मी एकटा होतो. मी त्याच्या तोंडाच्या बाजूला, जिथे मशीनवर तासायला तू दोन मिलिमीटर जास्त ठेवले होतेस, तिथे ऐंशी नंबरचा पेपर लावला. वीस मिनिटं घासलं. दोनातले दीड काढून टाकले.

हात घसरला नाही. चुकून झालं नाही. मोजून केलं.

पुढचं तुला माहीत आहे. चाळीस कास्टिंग मशीनवर चढली आणि तासायला धातूच उरला नव्हता. सगळ्यांनी तुझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं. तू म्हणालास, ड्रॉइंग बरोबर आहे, पॅटर्न मोजा. पॅटर्न सापडलं नाही, कारण त्याच्या आदल्या दिवशी ते मी भट्टीच्या मागे नेऊन जाळलं होतं. हे या जानेवारीपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये तू माझ्याकडे वळून विचारलंस, "दादा, तू पॅटर्नला हात लावला होतास का?" मी म्हणालो, "फडकं मारलं फक्त." तू माझ्याकडे बघत राहिलास आणि पुन्हा एक शब्द बोलला नाहीस. पंधरा दिवसांत राजीनामा दिलास. आईच्या दहाव्याला आलास तेव्हा माझ्या घरचं पाणीही घेतलं नाहीस. बरोबर केलंस.

का केलं, याचं उत्तर मी अकरा वर्षं निरनिराळं देत आलो, स्वतःला. शॉपमधल्या बारा जणांच्या पोटाचा प्रश्न होता, मशीनवर भरवसा ठेवू नये हे दाखवायचं होतं, वगैरे. त्यातलं काही खरं नाही. तुला बोट धरून मी शाळेत घातलं, इंजिनिअर झालास तेव्हा सगळ्या शॉपला पेढे वाटले, आणि तुझ्या एका कागदाने मी नको झालो. तेवढंच होतं. तू मोठा झालास ते मला चालत होतं, माझ्यावाचून चाललेलं मला बघवलं नाही.

आणि त्याचा उपयोगही झाला नाही. तीन वर्षांनी सगळी पॅटर्नं बाहेरून छापूनच यायला लागली. शॉपला कुलूप लागलं. तू मात्र गेलेला होतास.

डिसेंबरात यानाच्या त्या अर्ध्यावर पेपर ठेवला तेव्हा माझा हात तोच होता, पेपर तोच, माप तेच. कपाटात बांधून ठेवलेलं ते फडकं मला दिवसभर दिसायचं. दोन जानेवारीला मी वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाली, देठं गोळा केली, मग म्हणाली, "मला सांगून काय? ज्याला सांगायला पायजे त्याला सांगा. आन आदी ज्यांच्याम्होरं त्याला खोटं पाडलं त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी सावेडीला साहेबांच्या घरी गेलो. ते झाडांना पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

मग म्हणाले, "मी त्या पोराला केबिनमध्ये काय बोललो ते तुला आठवतं?"

म्हणालो, "आठवतं."

"तू तिथेच उभा होतास."

"हो साहेब."

"तुझं पॅटर्न तीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. म्हणून मी पुढे काही न तपासता त्याला खोटं ठरवलं. तुझ्या हाताच्या नावावर मी त्याची नोकरी घालवली." मग आत गेले. मला वाटलं दार लावतील. कागद-पेन घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "बस. मी लिहितो, तू खाली सही कर."

तो कागद या पत्रासोबत आहे. साहेबांच्या अक्षरात. तारीख, मालाचं नाव, काय झालं, कुणी केलं, आणि तुझी चूक नव्हती हे. खाली त्यांची सही आणि माझी. एक प्रत कंपनीत दिली. तिथे आता आपलं ओळखीचं कुणी नाही, कोपऱ्यातल्या एका मुलीने पोच दिली आणि जेवायला गेली. तरीही दिली. तुझ्या फाईलला लावा म्हणून सांगून आलो.

घरी येऊन मी फडकं सोडलं. मोठ्या अर्ध्याला हात लावला नाही. लहान अर्धा वाढवला. पुट्टीचा नखभर थर, वाळू दिला, पाण्याने घासला, पुन्हा थर. नऊ दिवस, अकरा थर. मोठ्यावर यानाचे पत्रे दाखवणाऱ्या रेघा होत्या, त्या भरावावरून पुढे नेल्या, सुईने कोरून. खिडक्या एका ओळीत आल्या. प्रायमर मारला तेव्हा वहिनी आणि मी दोघं बाजूला उभे होतो. करडा रंग वाळत गेला आणि वर काहीच आलं नाही. रेघ नाही, पायरी नाही. तिने बोट फिरवलं, मग मी फिरवलं. तिने पुन्हा फिरवलं. दुपारी तीनची वेळ होती, मी अंगणात जाऊन मोठ्याने हसलो. गल्लीतली माणसं दारात आली. माझ्या हयातीत मी याच्याइतकं चांगलं काम केलेलं नाही, लाकडातसुद्धा नाही.

साहेबांना मी शाळेच्या कार्यक्रमाचं सांगितलं नव्हतं. वहिनीने फोन करून बोलावलं. ते रिक्षाने स्टँडवर आणि तिथून एसटीने आले.

माफी मागतो असं मी लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडलं, वर डाग दिसतील. माफी देणं तुझ्याकडे आहे, मागून मी तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. शाळेच्या दालनाला कुलूप नाही. तू कधी आक्काकडे आलास तर मुलांना घेऊन जा, मी तिथे नसेन तेव्हा जा हवं तर. त्यांना सांग की गावात एक यान आहे. ते तुझ्या दादाने जोडलंय हे सांगायचं की नाही, ते तू बघ.

साहेबांचा कागद त्यांच्या भाषेत आहे. माझ्या भाषेत एक ओळ हवी, म्हणून ही लिहितो आणि खाली सही करतो.

पॅटर्न मी घासलं. तुझं ड्रॉइंग बरोबर होतं.

गोरक्षनाथ सोपान राळेभात